गोगलगाईची आठवण कुठं साठते? : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात आम्ही एक छोटी चौकट छापली होती. तळ्यातल्या गोगलगाईला अर्धा-अर्धा तास दोनदा शिकवलं, तर दुसऱ्या दिवशीही ते तिच्या लक्षात राहतं आणि ही आठवण पक्की व्हायला चेतापेशीतली जनुकं जागी व्हावी लागतात, असा तिचा आशय होता. त्यावर धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून पत्रं आली. एकसारखे प्रश्न एकत्र करून इथं उत्तरं देत आहोत.

प्रश्न : गोगलगाईला धड मेंदू नाही. मग तिची आठवण म्हणजे नेमकं काय? आणि ती ‘रेणूंमध्ये’ असते हे कशावरून?
(विज्ञान शिक्षिका, अमळनेर)

अनुभवामुळं वागण्यात पडलेला आणि टिकून राहिलेला फरक म्हणजे आठवण, एवढीच व्याख्या इथं धरू. असा फरक मोजता येतो.

सगळ्यात जास्त काम झालं ते एप्लिसिया या समुद्री गोगलगाईवर. तिच्या अंगात मिळून साधारण २०,००० चेतापेशी असतात आणि काही पेशी इतक्या मोठ्या की नुसत्या डोळ्यांना दिसाव्यात. पाठीवरच्या नळीला हात लागला की ती कल्ला आत ओढून घेते. शेपटीला विजेचा हलका झटका दिला, तर त्यानंतर साध्या स्पर्शानंही ती कल्ला जोरात आणि जास्त वेळ ओढून धरते. एकाच झटक्याचा हा परिणाम काही मिनिटांत ओसरतो. तेच झटके मध्ये अंतर ठेवून चार-पाच वेळा दिले, तर परिणाम दिवसभराहून जास्त टिकतो. या कामासाठी एरिक कॅन्डेल यांना २००० साली नोबेल मिळालं. त्या वर्षीच्या पारितोषिकात अर्विद कार्लसन आणि पॉल ग्रीनगार्ड हेही वाटेकरी होते.

आता रेणूंकडं येऊ. झटका बसला की मधल्या काही पेशी सेरोटोनिन हे निरोप पोचवणारं रसायन सोडतात. स्पर्श ओळखणाऱ्या पेशीवर ते पोचलं की आत सायक्लिक एएमपी हा छोटा निरोप्या रेणू तयार होतो आणि तो प्रोटीन कायनेज ए, म्हणजे पीकेए, या एन्झाइमला मोकळं करतो. पीकेए पोटॅशियमच्या काही वाहिन्या बंद करतो. त्यामुळं पेशीतला विद्युत संदेश थोडा रुंद होतो, पेशीच्या टोकाशी कॅल्शियम जास्त शिरतं आणि पुढच्या पेशीवर ग्लुटामेट हे संदेश देणारं रसायन जास्त सांडतं. यात नवं काहीच बांधलेलं नाही. असलेल्या प्रथिनांवर फॉस्फेट चिकटलं एवढंच, आणि ते निघालं की आठवणही गेली.

झटक्यांच्या जागी सेरोटोनिनचेच पाच डोस मध्ये अंतर ठेवून दिले की गोष्ट वेगळी होते. पीकेए मग टोकापाशी थांबत नाही. तो पेशीच्या केंद्रकात शिरतो, पाठोपाठ मॅप कायनेज नावाचं दुसरं एन्झाइमही जातं. केंद्रकात दोन प्रथिनं बसलेली असतात. क्रेब-१ जनुकं चालू करतं, क्रेब-२ त्यांना दाबून ठेवतं. पीकेए पहिल्याला जागं करतो आणि दुसऱ्याचा दाब मॅप कायनेजमुळं उठतो, असं मानलं जातं. मग जी जनुकं चालू होतात त्यांतलं एक असं प्रथिन बनवतं की ते पीकेएवरचा लगाम तोडायला मदत करतं. परिणामी सेरोटोनिन निघून गेल्यावरही पीकेए कित्येक तास मोकळाच राहतो. दुसरी जनुकं बांधकामाचं सामान पुरवतात आणि पेशीला नवे फाटे फुटून नव्या चेतासंधी, म्हणजे पुढच्या पेशीशी जोडणारे सांधे, तयार होतात.

हे ‘कशावरून’ म्हणाल, तर तीन पुरावे सांगतो. १९८६ साली सेरोटोनिन देतानाच प्रथिनं बनण्याची क्रिया औषधानं रोखली. थोड्या वेळाची आठवण शाबूत राहिली, दीर्घकाळाची बनलीच नाही. तेच औषध काही तास उशिरा दिलं तर काही बिघडलं नाही. १९९० साली क्रेब जिथं चिकटतं त्या डीएनए तुकड्याच्या नकला पेशीत भरल्या. क्रेब त्यांनाच चिकटून बसलं आणि पुन्हा फक्त दीर्घकाळाची आठवण अडली. १९९५ साली उलटं केलं. क्रेब-२ ला प्रतिपिंडानं निकामी केलं, तर सेरोटोनिनच्या एकाच डोसावर दीर्घकाळाचा परिणाम मिळाला. आम्हाला या तिन्हींत शेवटचा सगळ्यात बोलका वाटतो, कारण त्यावरून कळतं की पेशीत आठवण पक्की करणारी यंत्रणा जशी आहे, तशी ती रोखून धरणारीही आहे.

प्रश्न : आम्हाला एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी हा प्रयोग करायचा आहे. समुद्र इथून लांब. मेहरूण तलावातल्या किंवा पाटाच्या पाण्यातल्या गोगलगाई चालतील का? नायट्रोजनचं सिलिंडर मिळालं नाही तर?
(विद्यार्थी, जळगाव)

चालतील, पण आधी गोगलगाय ओळखा. परदेशात हा प्रयोग लिम्निया स्टॅग्नॅलिस या तळ्यातल्या गोगलगाईवर होतो. तिच्याच कुळातली लिम्निया ॲक्युमिनाटा आपल्याकडच्या संथ पाण्यात असते. शंखाचं टोक वर आणि तोंड आपल्याकडं करून धरा. तोंड उजव्या हाताला उघडत असेल, कळस निमुळता असेल आणि तोंडावर झाकण नसेल, तर ती लिम्निया. तोंड डाव्या हाताला असेल तर ती बहुधा फायसा. जिलबीसारखी चपटी गुंडाळी म्हणजे इंडोप्लॅनॉर्बिस. झाकण असलेली मोठी गोल पिला आणि झाकणवाली बेलाम्या या प्रयोगाला घेऊ नका.

गोळा करताना रबरी हातमोजे आणि गमबूट घालाच. लिम्नियातून गुराढोरांच्या यकृतातला चपटा कृमी पसरतो. इंडोप्लॅनॉर्बिसमधून गुरांच्या रक्तातले कृमी पसरतात आणि त्यांच्या अळ्यांमुळं माणसाच्या कातडीला खाज सुटते. प्रयोग संपल्यावर गोगलगाई आणि पाणी पाटात परत सोडू नका.

लिम्निया त्वचेतूनही श्वास घेते आणि फुप्फुसानंही. पाण्यातला प्राणवायू कमी झाला की ती वर येते आणि शंखाच्या कडेचं श्वासछिद्र उघडते. प्रयोगात नेमकं तेव्हाच त्या छिद्राला हलकेच टोचायचं. ती ते मिटते आणि हळूहळू उघडणं कमी करते. त्वचेतून श्वास चालूच असल्यामुळं ती गुदमरत नाही.

लागणारं सामान थोडं आहे. १ लिटरचा बीकर, त्यात ५०० मिलि पाणी, टोकदार केलेली लाकडी काडी, घड्याळ आणि वही. शंखावर, कडेपासून दूर, नेलपॉलिशचे ठिपके देऊन क्रमांक घाला. पाण्याचं तापमान २० अंशांच्या आसपास ठेवा. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, तेव्हा हा प्रयोग डिसेंबर-जानेवारीतच घ्यावा.

पाण्यात २० मिनिटं नायट्रोजनचे बुडबुडे सोडतात, म्हणजे प्राणवायू निघून जातो. मग गोगलगाई सोडून १० मिनिटं त्यांना रुळू द्यायचं. त्यानंतर ३० मिनिटांचं सत्र. जी जेव्हा छिद्र उघडायला लागेल तेव्हा तिला टोचायचं आणि नोंद करायची. टोचणं इतकंच की छिद्र मिटावं. सगळं अंग शंखात ओढलं गेलं तर जोर जास्त झाला, ती नोंद धरू नका. सत्र संपलं की गोगलगाई साध्या, हवा खेळत्या पाण्यात एक तास ठेवायच्या आणि दुसरं तसंच सत्र घ्यायचं. २४ तासांनी तिसरं, ते परीक्षेचं. एका माणसानं एका वेळी चारपेक्षा जास्त गोगलगाई बघू नयेत, नजर पुरत नाही.

नायट्रोजन नसेल तर पाणी १५ मिनिटं खळखळ उकळा, गरम असतानाच काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून बूच लावा आणि थंड होऊ द्या. प्रत्येक सत्राला नवी बाटली फोडा, कारण उघड्या बीकरात प्राणवायू परत मिसळत जातो. तो मिसळू नये म्हणून पाण्यावर तेलाचा थर देण्याची युक्ती इथं करू नका. गोगलगाईला श्वास घ्यायला पृष्ठभागच लागतो.

आठवण राहिली असं कधी म्हणायचं? परीक्षेच्या सत्रातले उघडण्याचे प्रयत्न पहिल्या सत्रापेक्षा स्पष्ट कमी हवेत आणि दुसऱ्या सत्रापेक्षा वाढलेले नकोत. दोन्ही अटी एकत्र. त्याशिवाय एक ‘जोडीचा’ गट हवाच. शिकणाऱ्या गोगलगाईला ज्या क्षणी टोचलं, त्याच क्षणी जोडीदारणीलाही टोचायचं, मग तिचं छिद्र उघडं असो वा मिटलेलं. दोघींना टोचण्या सारख्याच मिळतात, पण उघडणं आणि टोचणं यांचा संबंध फक्त पहिलीला कळतो. हा गट नसेल तर तुम्ही मोजलं ते शिकणं की नुसता थकवा, हे सांगता येणार नाही. परीक्षेची मोजणी कुठली गोगलगाय कुठल्या गटातली हे माहीत नसलेल्या मित्राकडून करून घ्या.

दुसरा मार्ग केळीच्या जिल्ह्याला शोभणारा आहे. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठात उपाशी ठेवलेल्या लिम्नियाला अमिल ॲसिटेटचा वास आणि लगोलग साखरेचं पाणी दिलं. हा वास पिकल्या केळाच्या जवळचा. आधी ती या वासाला दाद देत नव्हती. एकदाच ही जोडी अनुभवल्यावर नुसत्या वासानं ती तोंड हलवू लागली, आणि ते दोन आठवड्यांहून जास्त टिकलं. यात टोचणं नाही, प्राणवायू काढणं नाही. शाळेसाठी हाच प्रयोग आम्ही सुचवू.

प्रश्न : आमच्या गटानं दोन सत्रांचा प्रयोग केला. त्या दिवशी शिकल्यासारख्या वाटल्या, पण २४ तासांनी काहीच शिल्लक नव्हतं. काय चुकलं असेल?
(प्राणिशास्त्राचे प्राध्यापक, धुळे)

तुमच्या पत्रात दोन तपशील आहेत आणि आमच्या मते उत्तर त्यांतच आहे. गोगलगाई मधला तासभर ‘एका छोट्या वाटीत एकत्र’ ठेवल्या होत्या, आणि पाणी ‘आरओचं’ होतं.

गर्दीनं आठवण मोडते हे तपासलेलं आहे. १०० मिलि पाण्यात २० गोगलगाई तासभर कोंबल्या, तेही सत्राच्या लगेच आधी किंवा लगेच नंतर, तर शिकणं होतं पण दीर्घकाळाची आठवण बनत नाही. एरवीही टाकीत एका गोगलगाईमागं निदान लिटरभर पाणी ठेवा आणि सत्राच्या आगेमागे तर त्यांना बिलकुल दाटीत ठेवू नका.

आरओच्या पाण्यात कॅल्शियम जवळपास नसतं. लिटरला ८० मिलिग्रॅम कॅल्शियम असलेल्या पाण्यात गोगलगाई छान लक्षात ठेवतात, तर २० मिलिग्रॅमवर दीर्घकाळाची आठवण अडते. आपल्याकडच्या काळ्या पाषाणातल्या बोअरचं जड पाणी चहाला नकोसं असतं, पण या कामाला उत्तम. मात्र जड पाणी उकळलं की भांड्याच्या बुडाशी पांढरं बसतं, तो कॅल्शियमच असतो. म्हणून उकळलेलं पाणी फक्त सत्रापुरतं वापरा. एरवी टाकीत न उकळलेलं पाणी भरा, बुडाशी अंड्याची धुतलेली टरफलं टाका.

तिसरी शक्यता थंडाव्याची. सत्र संपल्या संपल्या गोगलगाईला ४ अंशांवर तासभर ठेवलं तर आठवण बनत नाही. हिवाळ्यात कोणी ती टाकी खिडकीत ठेवली किंवा थेट फ्रिजमधलं पाणी ओतलं असेल, तर तेही कारण होऊ शकतं.

आणि हो, ‘त्या दिवशी शिकल्या पण उद्या विसरल्या’ हा निकाल फेकून देऊ नका. कॅनडातल्या कॅल्गरी विद्यापीठात एक प्रयोग झाला. श्वासाचा ताल चालवणाऱ्या तीन मुख्य चेतापेशींपैकी आरपीईडी-१ ही एक. काचेच्या बारीक सुईनं या पेशीचा गोल भाग, ज्यात केंद्रक असतं तो, काढून टाकला. तंतू तसाच राहिला आणि तो काही दिवस जिवंत राहिला. गोगलगाय वर येऊन श्वास घेत राहिली, शिकलीही, काही तास तिच्या लक्षातही राहिलं. दुसऱ्या दिवशीची आठवण मात्र बनली नाही. आणि आठवण आधी पक्की करून मग तोच भाग काढला, तर ती शाबूत राहिली. एका पेशीचं केंद्रक गेलं आणि फक्त ‘पक्कं होणं’ गेलं. तुमच्या गर्दीतल्या गोगलगाईंनी बाहेरून तसाच निकाल दाखवला आहे.

प्रश्न : शरीरातली प्रथिनं काही दिवसांत मोडतात आणि नवी बनतात. मग आठवण आठवडेच्या आठवडे कशी टिकते?
(निवृत्त रेल्वे कर्मचारी, भुसावळ)

प्रश्न फार मोलाचा आहे. या विषयातल्या शास्त्रज्ञांना तो छळत आला आहे.

अर्धं उत्तर बांधकामात आहे. दीर्घकाळ शिकवलेल्या एप्लिसियाच्या स्पर्शपेशींवर चेतासंधींच्या गाठी जवळपास दुप्पट होतात. ज्या गाठींतून प्रत्यक्ष संदेश सांडतो त्यांचं प्रमाणही सुमारे ४० टक्क्यांवरून ६५ टक्क्यांवर जातं. बांधकाम उभं राहिलं की त्यातली एकेक वीट बदलत राहिली तरी घर मोडत नाही.

पण विटा बदलायचा हुकूम कोण देतं? २००३ साली कौशिक सी, कॅन्डेल आणि सहकाऱ्यांनी एप्लिसियात सीपीईबी हे प्रथिन दाखवलं. ते चेतासंधीपाशी पडून असलेल्या आरएनएवरून, म्हणजे जनुकांच्या नकलांवरून, नवी प्रथिनं बनवायला लावतं. विशेष हे की त्याचा आकार एकदा बदलला की ते शेजारच्या सीपीईबीलाही तोच आकार घ्यायला लावतं. जुना रेणू मोडला तरी नवा येऊन त्याच साच्यात बसतो. दुधाला विरजण लावल्यावर रोज त्याच दह्यातून पुढचं दही लागत जातं, तसं. आठवण जपण्यात याचा मोठा वाटा आहे, असं यावर काम करणाऱ्यांचं मत आहे.

प्रश्न : एका गोगलगाईची आठवण इंजेक्शननं दुसरीला दिली, असं वाचलं. खरं आहे का?
(वाचक, चोपडा)

प्रयोग खरा, मथळा फुगवलेला. २०१८ साली लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात डेव्हिड ग्लान्झमन यांच्या गटानं एप्लिसियाच्या शेपटीला झटके दिले, त्यांच्या चेतासंस्थेतलं आरएनए काढलं आणि न शिकलेल्यांना टोचलं. शिकलेल्या गोगलगाई स्पर्शानंतर अंग सुमारे ५० सेकंद ओढून धरत होत्या. आरएनए टोचलेल्या सुमारे ४०, आणि न शिकलेल्या सेकंदभर. इथं गेली ती ‘सावध राहण्याची’ सवय. ‘अमुक वासानंतर साखर’ अशी जोडलेली आठवण कोणी पाठवलेली नाही. काही आरएनए दुसऱ्या पेशींची जनुकं चालू-बंद करतात हे आपल्याला माहीत आहे, त्यामुळं सावधपणा वाढणं समजण्यासारखं आहे. १९६० च्या दशकात चपट्या कृमींवर असेच दावे झाले होते आणि पुढं ते इतरांना नीट जमले नाहीत, म्हणून आम्ही इथं जपून बोलतो.

प्रश्न : मी ‘नीट’ची तयारी करतेय. अंतर ठेवून अभ्यास करा म्हणतात. गोगलगाईत नेमकं किती अंतर लागतं?
(विद्यार्थिनी, शिरपूर)

एप्लिसियाला फक्त दोनच वेळा शिकवायचं असेल तर मधलं अंतर ४५ मिनिटं असावं लागतं. १५ मिनिटांनी किंवा ६० मिनिटांनी दुसरा पाठ दिला तर दीर्घकाळाची आठवण बनत नाही. कारण पहिल्या पाठानंतर मॅप कायनेज हळूहळू चढतं, साधारण पाऊण तासानं शिखरावर असतं आणि मग उतरतं. दुसरा पाठ शिखरावर पडला तर लागू पडतो.

यापुढची गंमत २०१२ सालची. टेक्सासमधल्या गटानं पीकेए आणि मॅप कायनेज यांचं गणित संगणकावर मांडलं आणि पाच पाठांसाठी सगळ्यात चांगली अंतरं कुठली ते विचारलं. उत्तर आलं १०, १०, ५ आणि ३० मिनिटं. प्रत्यक्ष गोगलगाईवर करून बघितलं, तर नेहमीच्या २०-२० मिनिटांच्या वेळापत्रकापेक्षा आठवण जास्त पक्की झाली.

हे आकडे तुमच्या टाइमटेबलात जसेच्या तसे लिहू नका. ते एका समुद्री जिवाच्या दोन एन्झाइमांचे आहेत. क्रेब आणि पीकेए मात्र उंदरातही असतात, माणसातही. पेशीला पहिल्या पाठावर काम करायला वेळ लागतो, तेवढा तो द्या. एका रात्रीत बारा तास जीवशास्त्र वाचण्यापेक्षा तोच धडा आज, परवा आणि पुढच्या आठवड्यात काढा, आणि दर वेळी पुस्तक मिटून आठवून लिहा.

प्रश्न : केळीच्या नवीन लागणीत गोगलगाई येतात. विषाच्या गोळ्या टाकल्या, काही मेल्या, पण पुढं बाकीच्या गोळ्यांना तोंडच लावत नाहीत. त्या ‘शिकल्या’ का?
(शेतकरी, रावेर)

शक्य आहे. लिमॅक्स या बिनशंखाच्या गोगलगाईनं नवं खाद्य एकदा खाल्लं आणि लगेच तिला कार्बन डायऑक्साइडनं त्रास दिला, तर पुढं ती ते खाद्य टाळते. एका जेवणावर. मेटाल्डिहाइड या गोगलगाईनाशकाची गोळी कमी पडली किंवा पावसानं भिजली, तर गोगलगाय लुळी पडते आणि ओलाव्यात पुन्हा सावरते. अशी सावरलेली गोगलगाय तो वास लक्षात ठेवू शकते.

म्हणून गोळ्या ओल्या दिवशी टाकू नका. २.५ टक्के मेटाल्डिहाइडच्या गोळ्या एकरी २ किलो, संध्याकाळी, ढीग न करता बांधाच्या कडेनं आणि ओळींमध्ये पसरून टाका. कुत्री आणि कोंबड्या बांधून ठेवा, हे विष त्यांनाही मारतं. सध्या ज्या गोगलगाई गोळ्यांना शिवत नाहीत, त्यांच्या मागं गोळ्या घेऊन लागू नका. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं संध्याकाळी बांधावर अंथरा, सकाळी उन्हं यायच्या आत उलटून खाली जमलेल्या गोगलगाई चिमट्यानं उचला आणि मिठाच्या किंवा साबणाच्या दाट पाण्यात टाका. गुळाचा वास त्यांच्या लेखी अजून चांगलाच आहे. त्या गोणपाटाखाली विषाची गोळी ठेवून तो बिघडवू नका.